किनारा सपाट असतो

पुण्यात पन्नाशीला आलेल्या माणसाला डॉक्टर एक तर गोळ्या लिहून देतात, नाहीतर सायकल. मला सायकल दिली ती दातांच्या डॉक्टरांनी. रूट कॅनाल चालू होतं, तोंडात दोन नळ्या आणि एक आरसा होता, आणि डॉक्टर विचारत होते, “रविवारी येताय ना सिंहगडाला?” त्या अवस्थेत होकार आणि नकार यांचा आवाज एकच निघतो.

डॉक्टर मंडळींच्या या वेडाला एक मोठं निमित्त झालं ते नाशिकचं. तिथले डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’त उतरले आणि पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतचं जवळजवळ ४८०० किलोमीटरचं अंतर त्यांनी आळीपाळीने पायडल मारत नऊ दिवसांच्या आत तोडलं. आमच्या डॉक्टरांनी ती बातमी कापून दवाखान्यात लावली आहे, दात कसे घासावेत ते दाखवणाऱ्या तक्त्याच्या वर. पेशंट खुर्चीत आडवा झाला की त्याला तीच दिसते.

स्वतः डॉक्टर ‘सुपर रँडोनर’ आहेत. पॅरिसच्या एका क्लबाच्या नियमांनी जगभर या लांब पल्ल्याच्या राइड्स चालतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत. एका हंगामात चारही केल्या की हा किताब. ही शर्यत नव्हे, त्यामुळे पहिल्याला बक्षीस नाही आणि शेवटच्याला लाज नाही. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का मारून घ्यायचा. हे सगळं रात्रभर जागून, उपाशी-अर्धपोटी पार पाडलं की पदक मिळतं, आणि त्या पदकाचे पैसेही आपणच भरायचे. मी हे घरी समजावून सांगायचा प्रयत्न केला. अर्ध्यातच सोडून दिला.

हौशी सायकलवाल्याचं आयुष्य बाहेरून निरोगी दिसतं. आतून ते संपूर्णपणे शनिवार रात्रीवर अवलंबून असतं. लग्नाच्या स्वागत समारंभात नऊ वाजता तो घड्याळाकडे बघायला लागतो. नवरा-नवरीला पाकीट देताना त्याच्या मनात टायरमधली हवा असते. पहाटे साडेचारला त्याचा फोन थरथरतो. डोणज्यापर्यंत अंधारात, मग नऊ-दहा किलोमीटर गडाचा चढ, आणि वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. चढताना जाळलेल्या कॅलरी भज्यांची दुसरी प्लेट येईपर्यंत भरून निघतात. त्याचा हिशेब मात्र कुठल्याच अ‍ॅपवर चढवला जात नाही.

दुसरी गुप्त गोष्ट म्हणजे सायकलची किंमत. तिच्या दोन आवृत्त्या असतात, एक दुकानातली आणि एक घरची. डॉक्टरांची कार्बनची सायकल दुकानात अडीच लाखांची आहे. घरी ती आठ हजारांची आहे, तीही सेलमधली. वहिनी अत्यंत हुशार बाई आहेत, दवाखान्याचा सगळा जमाखर्च त्या सांभाळतात. पण ज्या सायकलीला स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही आणि घंटीसुद्धा नाही, तिला आठ हजार हेच खूप झाले, असं त्यांचं मत आहे.

तर अशा आमच्या चौघांच्या टोळीने फेब्रुवारीत सहलीचा घाट घातला. डॉक्टर, मी, राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरसाहेब, आणि आयटीत काम करणारी आमच्यातली धाकटी. घाट हा शब्द काढताच मॅनेजरसाहेबांनी गुडघा चोळला. चढ नको, एवढीच त्यांची अट होती. डॉक्टर म्हणाले, “मग किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊ. अलिबाग ते रत्नागिरी. किनारा सपाट असतो.”

या वाक्यात चूक काढता येत नाही. समुद्र समुद्रसपाटीलाच असतो. प्रश्न रस्त्याचा आहे. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशा नद्या सह्याद्रीतून उतरून आडव्या येतात आणि खाड्या होऊन समुद्राला मिळतात. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचा सडा, दीड-दोनशे मीटर उंचीचा. गावं सगळी खाली, खाडीच्या नाहीतर समुद्राच्या तोंडाशी, माडा-पोफळीच्या सावलीत. आणि रस्ता वर सड्यावर, जिथे सावलीसाठी विजेचा खांब शोधावा लागतो. गाव आलं की रस्ता शून्यावर उतरतो. गाव संपलं की पुन्हा वर. तिसऱ्या उतारानंतर मॅनेजरसाहेब म्हणाले, “हे चालू खातं आहे हो. दिवसभर उलाढाल, संध्याकाळी शिल्लक शून्य.”

पण पहिल्या दिवशी हे कळायला मार्ग नव्हता. अलिबागपर्यंत टेम्पोने आलो आणि पहाटे निघालो. रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल, पलीकडे साळाव, मग डावीकडे टेकड्या आणि उजवीकडे समुद्रात घुसलेला कोर्लईचा किल्ला. अधेमधे चढ होते, पण काशीदच्या सुरूंनी ते झाकून टाकले. दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटला आणि तो पाठीमागून ढकलायला लागला. दक्षिणेकडे तोंड करून का निघालो, हे तेव्हा कळलं. डॉक्टर नुसतेच दातांचे डॉक्टर नव्हते.

वाटेत लोक विचारत. हेल्मेट, काळे चश्मे, अंगाला चिकटलेले भडक रंगाचे कपडे पाहून पहिला प्रश्न, “शर्यत आहे काय?” मॅनेजरसाहेबांनी दोन ठिकाणी खरं सांगितलं, शर्यत नाही, हौस आहे. दोन्ही ठिकाणी चेहरे पडले. तिसऱ्या ठिकाणापासून ते “हो” म्हणायला लागले. “मग नंबर कितवा तुमचा?” “निकाल लागायचाय अजून.” लोक समाधानाने पाणी आणून देत.

दुसरा प्रश्न, “मागून गाडी येतेय ना?” गाडी नाही म्हटल्यावर “मग सामान?” सामान सायकललाच बांधलंय म्हटल्यावर थोडी शांतता, आणि मग कोणीतरी वडीलधारा माणूस विचारणार, “कुठून आलात?”

“पुण्याहून.”

“हां. मग बरोबर.”

यातल्या ‘मग’चा अर्थ डॉक्टर पुढे बराच वेळ शोधत होते. मी पुण्याचाच असल्यामुळे मला तो लगेच लागला होता.

मुरुडला मुक्काम झाला. मी घरी फोन करून सांगितलं, “मुरुडला पोचलो.” ही नोंद ठेवा.

सकाळी आगरदांड्याच्या जेटीवर गेलो. रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्ग व्हावा ही कल्पना १९८० च्या सुमाराची, अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाची. रस्ता झाला, वळणं झाली, पाट्याही झाल्या, पण मोठ्या खाड्यांवर येऊन महामार्ग पाण्याकडे बघत उभा राहतो. मग फेरीबोट. तिचा जबडा जेटीवर पडतो, मोटारी उलट्या-सुलट्या आत शिरतात, दोन पोरं हातवारे करत “येऊ दे, येऊ दे, बास” करतात, आणि उरलेल्या फटीत सायकली. माझं स्पष्ट मत आहे की या खाड्यांवर पूल जितके उशिरा होतील तितकं सायकलवाल्यांचं भलं. वीस मिनिटं पाय न हलवता पुढे जायला मिळतं, आणि कोणी काही म्हणू शकत नाही.

यापुढच्या एका जेटीवर मॅनेजरसाहेबांनी दरफलक वरपासून खालपर्यंत वाचला. ते कुठलाही फलक अर्धवट वाचत नाहीत. मोटारीच्या दरापुढे ‘चालकासह’ असं कंसात होतं. सायकलपुढे काहीच नव्हतं.

“सायकलचा दर चालकासह की चालकाशिवाय?” त्यांनी खिडकीत विचारलं.

आतल्या माणसाने त्यांना नीट न्याहाळलं. “चालक पोहत येणार असेल तर बघतो.”

मॅनेजरसाहेबांनी दोन्ही तिकिटं काढली आणि पावती मागितली. तिकीट हीच पावती, असं उत्तर आलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य ते स्वतः म्हणत आले होते, त्यामुळे पुढे बोलता आलं नाही.

फेरीबोटीवर चढताना हँडलवरचा कॉम्प्युटर थांबवायचा असतो. नाही थांबवला तर तो खाडीही मोजतो. धाकटीचा राहिला. संध्याकाळी तिच्या नकाशावर आमची वाट सरळ खाडीच्या पाण्यावरून गेलेली होती, आणि पुण्यातल्या मित्राने खाली विचारलं होतं, पाण्यावरून जायला कुठले टायर वापरलेस? डॉक्टर मात्र बोट सुटायच्या आत बटण दाबतात. एकही फुकटचा मीटर ते नावावर घेत नाहीत.

दिघीहून दिवेआगर, आणि दिवेआगरहून आरावीमार्गे श्रीवर्धन. हा तुकडा म्हणजे डॉक्टरांच्या त्या वाक्याचा एकमेव साक्षीदार. रस्ता खरोखर सपाट, समुद्र खरोखर शेजारी, इतका की भरतीला शिंतोडे चष्म्यावर येतात. तासभर आम्ही चौघं बरोबरीने, गप्पा मारत चाललो होतो. “बघा,” डॉक्टर तीनदा म्हणाले. तेवढा एक तास त्यांनी पुढचे सगळे दिवस पुरवून वापरला.

हरिहरेश्वर झालं. बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून पलीकडे वेसवीला उतरलो, म्हणजे रायगड संपून रत्नागिरी जिल्हा लागला. पाण्यात पुलाचे खांब उभे होते. बरीच वर्षं ते तसेच उभे होते, पलीकडे जायची त्यांना घाई नव्हती.

जेटीजवळच्या टपरीवर चहा घेता घेता मी विचारलं, “पुढे चढ आहे का हो?”

“चढ नाय.” टपरीवाल्याने ग्लास विसळला. “घाटी आहे.”

कोकणात कोणी खोटं बोलत नाही. प्रत्येक जण आपापल्या वाहनाचं खरं सांगतो. मोटारसायकलवाल्याला चढ लागत नाही, त्याला वळणं लागतात. एसटीच्या कंडक्टरला अंतर लागत नाही, थांबे लागतात. चालत जाणारी म्हातारी म्हणते “हे काय, वरच्या अंगाला,” आणि ती रोज पाखाडीने सरळ वर जाते, सात वळणांचा रस्ता तिने कधी विचारातच घेतलेला नसतो. या सगळ्यांची सरासरी काढली तर खरं उत्तर मिळेल अशी मॅनेजरसाहेबांची समजूत होती. त्यांनी एका वहीत आकडे मांडलेसुद्धा. वेळासच्या घाटीत ती वही कॅरिअरवरून निसटली, आणि ती आणायला खाली कोण जाणार, या मुद्द्यावर ती संख्याशास्त्राची शाखा बंद पडली.

धाकटीला मात्र चढ दिसत नाहीत. ती बसल्या जागी लहान गिअर टाकून, कानात गाणी घालून, एका लयीत वर निघून जाते. आम्ही धापा टाकत पोचतो तेव्हा तिची दोन कोकम सरबतं झालेली असतात आणि तिथल्या माणसांना आमची वयं, व्याधी आणि व्यवसाय कळलेले असतात. एका वळणावर सरबतवाल्या मावशींनी आम्हाला एकेक करून येताना पाहिलं आणि प्रत्येकाच्या वेळी तिला विचारलं, “हे बाबा काय गो तुझे?” तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर मावशींनी आमच्याकडे जरा संशयाने पाहिलं, आणि मग माझ्या सरबतात न मागता मीठ वाढवलं. “घाम फार गेलाय तुमचा,” म्हणाल्या.

वेळास हे नाना फडणविसांचं गाव. आता ते जास्त ओळखलं जातं ऑलिव्ह रिडले कासवांसाठी. माद्या रात्री वाळूत अंडी घालतात, गावकरी ती कुंपणात सांभाळतात, आणि पिल्लं बाहेर आली की सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडतात. लोक दोरीमागे उभं राहून पाहतात. आम्ही घाटी उतरून गावात शिरलो तेव्हा ऊन चढलं होतं. “कासवं बघायला आलो,” डॉक्टर म्हणाले.

“सकाळीच सोडली,” अंगणातले आजोबा म्हणाले. मग आमच्या सायकलींकडे आणि आमच्याकडे बघून, “पोचलीसुद्धा असतील.”

केळशी, आंजर्ले. हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव चालतो, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. लिलावाचं बोलणं इतकं जलद असतं की मॅनेजरसाहेबांनी कौतुकाने मान हलवली आणि ती मान हलवणं एका टोपलीवरची बोली ठरता ठरता राहिलं. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचलो आणि मी घरी फोन केला.

“मुरुडला पोचलो.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग, “परवा मुरुडलाच होतास ना?”

“ते वेगळं मुरुड. हे दापोलीचं. महर्षी कर्व्यांचं.”

“दोन दिवसांत तू मुरुडहून मुरुडला गेलास.”

“मध्ये दोन खाड्या लागल्या,” मी म्हटलं. बायकोने फोन मुलाकडे दिला. मुलाने नकाशा उघडला, त्याला पहिलंच मुरुड सापडलं, आणि घरात असं ठरलं की बाबांना चक्कर आलीय पण ते सांगत नाहीयेत.

दापोलीच्या किनाऱ्याने दाभोळकडे जाताना मॅनेजरसाहेबांचं मागचं चाक बसलं. आमच्याजवळ जादा ट्यूब होत्या, टायर लिव्हर होते, पॅच होते. पंपही होता, पण त्याच्यातला रबराचा वायसर कुठेतरी सड्यावर गळून पडला होता. फणसाच्या झाडाखाली एक पंक्चरची टपरी मिळाली. तिथले काका मोटारसायकली बघतात, रिक्षा बघतात, अधूनमधून मोटारही. सायकल त्यांच्याकडे बऱ्याच वर्षांनी आली होती. त्यांनी चाक हातात घेतलं, घमेल्यात ट्यूब बुडवली, बुडबुडा पकडला, कानशीने घासून पॅच लावला. इथवर सगळं झटपट झालं. मग त्यांनी वॉल पाहिला.

या परदेशी वळणाच्या सायकलींचा वॉल बारीक असतो. टोकाला इवलीशी पितळी चकती, ती सैल केल्याशिवाय हवा आत जात नाही. आपल्याकडच्या कंप्रेसरचं तोंड मोटारीच्या जाड वॉलचं. एकमेकांना ती ओळख देत नाहीत. मध्ये बसवायला पितळेचा छोटा जोड मिळतो, आणि तो मॅनेजरसाहेबांजवळ होता. पुण्यात. ‘इतर’ असं लिहिलेल्या पाकिटात.

डॉक्टरांनी काकांना वॉलची रचना समजावून सांगायला सुरुवात केली. तोंड उघडलेल्या माणसांशी बोलायची सवय असल्यामुळे ते न थांबता बोलतात. काकांनी ऐकून घेतलं, विडी कानावर खोचली, आणि म्हणाले, “टोपण बघू.”

वॉलवरचं प्लॅस्टिकचं टोपण त्यांनी बोटात फिरवलं. ब्लेडने त्याचं बंद टोक छाटलं. दोन्हीकडून आरपार झाल्यावर ते उलटं करून वॉलवर पिळलं. वर कंप्रेसरचं तोंड दाबलं. बसलं. फुस्स झालं नाही. हवा सरळ आत.

डॉक्टरांचं बोलणं अर्ध्यावर थांबलं. तसलाच जोड त्यांनी परदेशातून मागवलेल्या एका संचात घेतला होता, संचाची किंमत त्यांनी घरी सांगितलेलीच नाही.

“किती भरू?” काकांनी विचारलं.

“ऐंशी.”

“मोटारीला तीस-पस्तीस भरतो मी.”

“याला ऐंशी लागते. टायर बारीक आहे ना.”

काकांनी बारीक टायरकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, आणि आम्हा सगळ्यांना फणसाच्या मागे उभं केलं. चहा प्यायला आलेले दोघं आपणहून आले. स्वतः त्यांनी हात लांब करून, तोंड बाजूला वळवून भरली. चाळीसला एक कुत्रा उठून गेला. साठला कोणीतरी “बास झालं वो” म्हणालं. ऐंशीला त्यांनी तोंड काढलं, आणि फणसाखाली सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

“किती झाले?”

“वीस.”

डॉक्टरांनी शंभराची नोट पुढे केली. ती काकांनी घेतली आणि ऐंशी परत दिले. “वीसच. हवाच आहे ती.”

मॅनेजरसाहेबांनी पावती मागितली नाही. त्यांच्या हातून हे पहिल्यांदाच घडलं असावं.

दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरताना एक गंमत कळते. नव्वदच्या दशकात एन्रॉनमुळे दाभोळचं नाव जगाच्या वर्तमानपत्रांत गाजलं, पण तो वीज प्रकल्प दाभोळमध्ये नाहीच. तो खाडीच्या या बाजूला, गुहागर तालुक्यात, अंजनवेलजवळ. दाभोळने नुसतं नाव दिलं. इकडे मात्र धोपाव्याच्या जेटीपासून जो चढ सुरू झाला त्याने आम्हाला राजकारणावर बोलण्याइतका श्वास शिल्लक ठेवला नाही.

गुहागरला एका घरी उतरलो. वाडीत पोफळी, मागे समुद्र, रात्री सोलकढी आणि मोदक. सकाळी दोरीवर वाळत घातलेल्या आमच्या चड्ड्यांसमोर घरच्या काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. सायकलच्या चड्डीला आतून जाड गादी शिवलेली असते. काकूंनी ती दोन बोटांत दाबून पाहिली.

“एवढी जाड घडी आत कशाला हो?”

“बसायला मऊ लागतं,” मी म्हटलं.

“मग सीटलाच उशी बांधायची!”

यावर विज्ञानाकडे उत्तर आहे. डॉक्टरांनी ते दिलंही: घर्षण, रक्तपुरवठा, बसकणीची हाडं. काकूंनी घावन उलटता उलटता सगळं ऐकलं. “ते सगळं असू दे,” म्हणाल्या, “पण वाळायला किती वेळ लागतो बघा. अजून ओली आहे.” ती खरोखर ओली होती. १९२३ साली आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे पारशी तरुण मुंबईहून सायकलने जगप्रदक्षिणेला निघाले आणि १९२८ साली परत आले. त्यांनी चड्ड्या कुठे वाळवल्या हा विचार त्या दिवशी पालशेतपर्यंत, ओल्या गादीवर बसून, मी पुष्कळ केला.

हेदवीला गणपती पाहिला. वेळणेश्वरचा चढ पाहिला. तवसाळहून शास्त्रीची खाडी ओलांडून जयगड, मग मालगुंड आणि गणपतीपुळे. इथे मला लिहिण्यासारखं फार नाही, कारण ऊन फार होतं आणि मी बहुतेक वेळ पुढच्या चाकाकडे बघत होतो. आरे-वाऱ्याचा रस्ता मात्र वर मान करायला लावतो. एका वळणावर खाली दोन किनारे एकदम दिसतात, मध्ये नाक काढून टेकडी. मोटारी थांबवून लोक फोटो काढत होते. आम्हीही थांबलो. फोटोंत आम्ही निसर्ग बघताना दिसतो. खरं म्हणजे मॅनेजरसाहेबांच्या पायात गोळा आला होता.

“साहेब, किनारा सपाट असतो म्हणाला होतात,” ते रस्त्यात बसून पोटरी दाबत डॉक्टरांना म्हणाले.

“किनारा आहेच सपाट,” डॉक्टर खाली बोट दाखवून म्हणाले. “तो बघा.”

रत्नागिरीहून परतीला टेम्पो ठरवला होता. तो हंगामातल्या पहिल्या हापूसच्या पेट्या आणि नारळाची पोती घेऊन पुण्याला निघाला होता. एक पेटी डॉक्टरांनीही घेतली, वहिनींना खूश करायला. टेम्पोवाला पद्धतशीर माणूस होता. चीज किती किमतीची ते विचारायचा आणि त्याप्रमाणे जागा ठरवायचा: स्वस्त ते तळाला, महाग ते वर, पेंढ्यात. माझी आणि मॅनेजरसाहेबांची सायकल त्याने फळीला टेकवून बांधली. मग तो डॉक्टरांच्या सायकलीकडे वळला. डॉक्टर तेव्हा गुडघे टेकून पुढचं चाक काढत होते, दोन्ही हात ग्रीसने भरलेले, आणि वहिनींचा फोन स्पीकरवर चालू होता. कधी निघताय, जेवलात का, पेटी घेतलीत का.

“ही कितीची?” टेम्पोवाल्याने विचारलं.

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी फोनकडे पाहिलं, टेम्पोवाल्याकडे पाहिलं. टेम्पोवाल्याला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून त्याने मोठ्यांदा विचारलं, “सायकल हो! केवढ्याची?”

“सांगा ना,” फोनमधून वहिनी म्हणाल्या. “आठ हजारांची.”

“आठ,” डॉक्टर म्हणाले.

“आणि पेटी?”

“दहाची,” धाकटीने तत्परतेने सांगितलं.

टेम्पोवाल्याने अडीच लाखांचं कार्बन एका हाताने उचललं, हलकं आहे म्हणून जरा तुच्छतेने हलवून पाहिलं आणि तळाला आडवं घातलं. त्यावर नारळाची चार पोती रचली. पोत्यांवर पेंढा पसरला आणि पेंढ्यावर, दोन्ही हातांनी, हळूच पेट्या ठेवल्या.

“अहो,” वहिनी म्हणाल्या, “आंबे नीट ठेवायला सांगा हं त्यांना.”